निगेटिव्ह कधीच न येणारा रिपोर्ट

ॲग्नेस टीचरनी बाही वर केली, मूठ आवळली आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "ताई, या वेळी निगेटिव्ह येईल ना?"

मी दंडाला पट्टा बांधत होते. "बघू," म्हटलं. हा त्यांचा आठवा 'टॉर्च'.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. दोन-तीन वर्षांपूर्वी आम्ही वसईच्या एव्हरशाईन सिटीत घर घेतलं होतं आणि मी तिथल्याच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लागले होते. मूल होत नाही म्हणून बाई डॉक्टरकडे गेली की पुष्कळदा पहिली चिठ्ठी याच टेस्टची मिळायची.

टॉर्च म्हणजे चार-पाच इन्फेक्शनची एकत्र तपासणी. त्यात रक्तातल्या दोन गोष्टी बघतात. आयजीएम सापडलं, तर लागण ताजी असू शकते. नुसतं आयजीजी सापडलं, तर लागण कधीतरी होऊन गेली आणि शरीराने तिची आठवण ठेवली, एवढंच. दंडावरचा देवीच्या लशीचा वण जन्मभर राहतो, तसं ते राहतं. त्याला औषध नाही, कारण तो आजारच नाही.

टीचरचं आयजीएम दर वेळी निगेटिव्ह यायचं आणि आयजीजी पॉझिटिव्ह. डॉक्टरांनी त्यावर "इन्फेक्शन आहे" असं सांगून तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या लावल्या होत्या. कोर्स संपला की पुन्हा टेस्ट.

तिसऱ्या रिपोर्टच्या वेळी मी आमच्या सरांना विचारलं होतं. लॅब त्यांची.

"सर, हे आयजीजी कधी जाणार नाही ना?"

"नाही."

"मग या पुन्हा पुन्हा टेस्ट कशाला करतात?"

"चिठ्ठी कुणाची आहे?"

मी नाव सांगितलं. त्या डॉक्टरांकडून आमच्याकडे रोज आठ-दहा पेशंट यायचे.

"मग चिठ्ठीत लिहिलंय ते कर. अर्थ लावायचं काम त्यांचं."

तेरी भी चूप, मेरी भी चूप. नोकरी नवी होती. मीही त्यात सामील झाले.

आठव्या वेळी मात्र टीचर जरा जास्त बोलल्या. त्या वसईजवळच्या गिरीज गावच्या, प्राथमिक शाळेत शिकवायच्या. नवरा जॉन केळीची वाडी बघायचा. लग्न उशिरा झालेलं.

"आता लवकर निगेटिव्ह यायला पाहिजे हो. मला अडतिसावं लागलं. रिपोर्ट निगेटिव्ह आल्याशिवाय चान्स घ्यायचा नाही म्हणून सांगितलंय डॉक्टरांनी. बाळात व्यंग येईल म्हणे."

मी सहज विचारलं, "मग सध्या काय वापरता?"

त्यांनी कापूस दाबून धरला आणि मान खाली घातली. "आमच्यात ती साधनं चालत नाहीत ताई. चर्चची शिकवण आहे. जॉन ओटीवर झोपतो."

"कधीपासून?"

"पहिल्या रिपोर्टपासून. दोन वर्षं होतील आता. सासूबाईंना सांगितलंय, त्याला आत गरम होतं. त्या बिचाऱ्या दर बुधवारी चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला जातात, नातवंड व्हावं म्हणून."

आतापर्यंत मला वाटत होतं की फार तर बाईला गोळ्यांचा त्रास होतोय. ज्यांना मूल हवं होतं ते दोघं आमच्या कागदापायी दोन वर्षं वेगळे झोपत होते.

मी दार लोटलं आणि सगळं सांगितलं. त्या वर्गातल्या मुलीसारख्या नीट ऐकत होत्या.

"म्हणजे मी आजारी नाही?"

"नाही."

"आणि आठ टेस्ट केल्या, त्या?"

"त्यांची गरज नव्हती."

मी त्यांना मुंबईतल्या एका वयस्कर डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला. सरांच्या कानावर गेलंच. "तू डॉक्टर कधी झालीस?" एवढंच ते म्हणाले आणि आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

पुढच्या महिन्यात टीचर नवी चिठ्ठी घेऊन आल्या. जॉनची तपासणी तिकडेच झाली होती, ती चांगली होती. यांच्यासाठी एकच टेस्ट लिहिली होती, पाळीच्या दुसऱ्या दिवशी एफएसएच. बाईच्या शरीरातली बीजं संपत आली की हे हार्मोन वाढतं. हाकेला ओ मिळाली नाही की माणूस आवाज चढवतो, तसं.

आकडा खूप वर आला. मी टेस्ट पुन्हा लावली. पुन्हा तोच.

रिपोर्ट न्यायला त्या एकट्याच आल्या. दोन वर्षांत त्या रिपोर्ट वाचायला शिकल्या होत्या. उजवीकडचा नॉर्मलचा आकडा त्यांनी बोट ठेवून बघितला, मग स्वतःचा.

"संपलं का ताई?"

"डॉक्टर सांगतील." माझ्या तोंडून सवयीने तेच निघालं.

त्यांनी रिपोर्टची घडी घातली. "ते आयजीजीचं तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

खोटं बोलवेना. "पहिल्या रिपोर्टपासून."

"तेव्हा मला छत्तिसावं होतं," त्या म्हणाल्या आणि पर्स उचलून गेल्या. आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांना मूल झालं नाही.

दोन वर्षांपूर्वी एफएसएचचा आकडा काय आला असता, मला माहीत नाही. तेव्हा ती टेस्ट कुणी लिहूनच दिली नव्हती. आम्ही आठ वेळा टॉर्च केला आणि आठही रिपोर्ट अचूक होते. चुकीचा रिपोर्ट दिला म्हणून लॅबमध्ये माणसाची नोकरी जाते. अचूक रिपोर्ट देऊन गप्प बसला म्हणून कुणाची गेलेली मी पाहिली नाही. माझीही गेली नाही. मी तिथूनच रिटायर झाले.