गावंडे सरांचा रुपया

गणित शिकवणाऱ्या माणसाकडे सांगायला काय असणार, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा सातवी-आठवीचा सरावाचा तास घेऊन बघावा. इतिहासाच्या तासाला पोरं डुलक्या घेतात, भूगोलाच्या तासाला खिडकीबाहेर बघतात. गणिताच्या तासाला जीव वाचवायचा असतो, त्यामुळे सगळी टक्क जागी असतात आणि तोंडाला येईल ते बोलतात. मी ऐकते आणि रात्री जेवताना नवऱ्याला सांगते. तो बँकेत आहे, त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीच घडत नाही. त्यामुळे आमच्या ताटावर माझंच राज्य.

आमची शाळा मूर्तिजापूरहून काळी-पिवळी जीपने अर्ध्या तासावर. वर्ग आठवीपर्यंतच, पुढे पोरं दुसऱ्या शाळेत जातात. मुख्याध्यापक गावंडे सर तरुणपणी गावोगावच्या क्रिकेट टुर्नामेंटला अंपायर होते. अंपायरिंग सुटलं, टॉस काही सुटला नाही. शर्टाच्या खिशात एक गुळगुळीत रुपया कायम. मैदान सातवीला की आठवीला? टॉस. पंख्याखालचा बाक कोणाचा? टॉस. एकदा दोन पालक भांडत ऑफिसात आले, तर त्यांचं ऐकून घ्यायच्या आधीच सरांनी विचारलं, "छापा का काटा?" दोघंही गोंधळून हसायला लागले आणि भांडण तिथेच मिटलं. तेव्हापासून सरांचा रुपयावरचा विश्वास आणखीनच वाढला.

दरवर्षी अमरावतीला आमच्या विभागाचा गणित मेळावा भरतो. एका शाळेतून एकच विद्यार्थी. मागच्या वर्षी सातवीतली प्रणाली आणि आठवीतला एक मुलगा सारख्याच गुणांवर आले. सरांनी रुपया उडवला, प्रणाली हरली. रडली नाही. वर्गात येऊन वही उघडली आणि राहिलेली उदाहरणं सोडवत बसली. मला मात्र फार लागलं ते.

यंदा ती आठवीत होती. यंदा नाही तर आमच्या शाळेकडून कधीच नाही. तिला का जायचं, विचारलं तर म्हणाली, "तिथं म्हणे आपल्याले न येणारे गणितं देतात मॅडम." तिच्या मागच्या बाकावरच्या रितेशलाही जायचं होतं. त्याचं कारण साधं होतं. "मॅडम, मले अमरावती पाहाची आहे."

०

पूर्णांकांचा पहिलाच तास. मी विचारलं, "उन्हाळ्यात अकोल्याला पंचेचाळीस डिग्री आणि हिवाळ्यात श्रीनगरला उणे पाच. फरक किती?"

रितेशने तोफ डागली. "चाळीस."

"कसे रे?"

"उणे आहे ना मॅडम. उणे दिसलं का वजा करा लागते."

मी सगळा वर्ग आवारात नेला. तिथे विहीर आहे आणि विहिरीच्या शेजारी पाण्याची टाकी. म्हटलं, जमीन म्हणजे शून्य. टाकी शून्याच्या वर, विहिरीतलं पाणी शून्याच्या खाली. आता टाकीवरून पाण्यापर्यंत उतरायचं तर किती उतराल?

प्रणाली म्हणाली, "वरचं अन् खालचं, दोन्ही. जमिनीवरच थांबलं तं पाणी कोण काढीन?"

सगळ्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. उत्तर पन्नास. रितेश मात्र बराच वेळ विहिरीत बघत उभा राहिला. मग म्हणाला, "मॅडम, म्हणजे आपल्या अकोल्याच्या माणसाले डायरेक्ट श्रीनगरले न्याचं नाही. मधात दिल्लीले उतरवून दोन दिवस ठेवा लागन त्याले."

०

उणे गुणिले उणे अधिक कसं होतं, यावर आजवर मी इतके उपाय केले आहेत की डॉक्टरनेही केले नसतील. यंदा नवीन काढला. एखादा माणूस उलटा चालतोय, त्याचं मोबाइलवर शूटिंग करायचं आणि ते उलटं चालवून बघायचं. उलटं गुणिले उलटं, माणूस सरळ चालताना दिसतो.

पण मैदानातून उलटं चालणार कोण? गावंडे सर म्हणाले, "मी चालतो. अंपायर होतो मी, मागं पाहाची गरज नाही मले." आणि ते खरोखर ऐटीत उलटे चालले. मी शूटिंग केलं, वर्गात येऊन उलटं चालवलं. सर अगदी सुलटे, रुबाबात पुढे येताना दिसले. मी विजयी मुद्रेने वर्गाकडे बघितलं, तर सरांकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

"मॅडम," रितेश म्हणाला, "सर तं सुलटे झाले, पण मागची बकरी उलटी झाली."

खरंच की! सरांच्या मागून कोणाची तरी बकरी आपल्या सरळ चालीने गेली होती, ती आता शेपटीच्या दिशेने निघाली होती. अधिक गुणिले उणे, उणे. पुढच्या तासाला जे शिकवणार होते तेही बकरीने शिकवून टाकलं. आजही आठवीत कोणी चिन्हाची चूक केली की मागून आवाज येतो, "बकरी पाह्य बे, बकरी."

०

परिमेय संख्यांचा एक गुणधर्म आहे. कोणत्याही दोन परिमेय संख्या घ्या, त्यांच्या मध्ये आणखी एक असतेच. अर्धा आणि पाऊण यांच्या मध्ये पाच अष्टमांश. अर्धा आणि पाच अष्टमांश यांच्या मध्ये आणखी एक. हे पोरांना पटत नाही. त्यांचं म्हणणं, कुठेतरी जागा संपलीच पाहिजे.

त्या संध्याकाळी प्रणाली मामाकडे मूर्तिजापूरला निघाली होती, मी रोज घरी जाते त्याच जीपमध्ये. जीप गच्च भरलेली. फाट्यावर ड्रायव्हरने ब्रेक दाबला. "सरका बापा जरासे, एकच शीट आहे." सगळे कुरकुरले, पण सरकले, आणि एक धिप्पाड माणूस दोघांच्या मध्ये बसलाही. पुढच्या फाट्यावर पुन्हा तेच.

माझ्या कोपराखालून प्रणालीचा आवाज आला. "मॅडम, तुमी आज शिकवलं ते हेच ना? कोणत्याही दोघांच्या मधात अजून एक बसते."

समोरच्या आजोबांनी दचकून विचारलं, "अजून कोन बसून राहिलं व बाई?"

मी म्हटलं, काही नाही, पुस्तकातलं आहे. तेवढ्यात ड्रायव्हरने पुन्हा ब्रेक दाबला.

०

मग आली संभाव्यता. हा धडा पोरांना फार आवडतो, कारण त्यात अंदाज करायला मिळतो आणि अंदाज करण्यात आमचा गाव कोणाला ऐकत नाही.

रितेशने पहिल्याच दिवशी स्वतःचा सिद्धांत मांडला. गोष्ट एक तर होते, नाही तर होत नाही. दोनच शक्यता, म्हणून कशाचीही संभाव्यता अर्धी. मी कितीही समजावलं तरी हटेना. पाऊस पडेल, अर्धी. तो पास होईल, अर्धी.

शेवटी प्रणाली मागे वळली. "बरं. मंग मेळघाटातला वाघ उद्या आपल्या वर्गात येईन, नाही तं नाही येणार. हे पण अर्धी का?"

रितेश माघार घेणाऱ्यातला नाही. "हो. अर्धी."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात आले, तर दाराजवळचा आपला बाक सोडून तो भिंतीकडच्या कोपऱ्यात जाऊन बसला होता.

०

त्याच आठवड्यात आम्ही गावंडे सरांच्या रुपयाची तपासणी केली. मुलांना संशय होता की तो घासून घासून एका बाजूला हलका झालाय. सरांनी तो माझ्या हातावर ठेवला, पण स्वतः दारातून हलले नाहीत.

दिवसभर आळीपाळीने रुपया उडवला. मध्येच ओळीने चार वेळा छापा पडला तेव्हा रितेश ओरडला, आता काटाच! पडला छापा. मी म्हटलं, रुपयाला मागचं काही आठवत नसतं रे बाबा, त्याच्यासाठी दर वेळी पहिलीच वेळ. शेवटी हिशेब केला तर छापा आणि काटा जवळपास निम्मे-निम्मे.

सरांचा चेहरा खुलला. "पाहा. माहा रुपया इमानदार आहे."

प्रणालीने रुपया हातात घेऊन दोन्हीकडून बघितला. "सर, मागच्या वर्षी हाच होता?"

"हाच."

तिने मान हलवली, रुपया सरांना परत दिला आणि जागेवर जाऊन बसली.

०

मेळाव्याच्या निवडीची परीक्षा झाली. रितेशने त्या वाघानंतर अभ्यास मनावर घेतला होता, हे मला दिसत होतं. तरीही पेपर तपासून झाल्यावर मी दोन पेपर शेजारी-शेजारी ठेवले. प्रणाली आणि रितेश, दोघांचे गुण सारखे. मी बेरीज पुन्हा केली. सारखेच.

गावंडे सरांनी दोघांना ऑफिसात बोलावलं. मी खुर्चीच्या मागे उभी. सरांनी सवयीने खिशात हात घातला, रुपया अंगठ्यावर चढवला. "बोल प्रणाली. छापा का काटा?"

प्रणाली रुपयाकडेच बघत राहिली. सरांना वाटलं घाबरली. "बोल ना. टॉसमंधी कोणावर अन्याय होत नाही."

"सर, एक सांगू?" ती म्हणाली. "टॉस केला तं माहा चान्स अर्धा आहे. फळ्यावर गणित देसान तं अर्ध्याहून जास्त आहे. मंग मी अर्धा कावून घेऊ?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी त्या क्षणी इतकी खूश होते की बोलायची सोय नव्हती, म्हणून पंख्याकडे बघत राहिले.

सर रितेशकडे वळले. रुपया अजून अंगठ्यावरच. "तुहं काय म्हणणं आहे बे?"

रितेशने खाली बघितलं, वर बघितलं. बोटांवर काहीतरी मोजलं.

"सर, मले टॉसच पायजे."

"कावून?"

"तिचं गणित बरोबर आहे म्हणून."

सरांनी रुपया खिशात टाकला आणि माझ्यापुढे हात करून खडू मागितला.