वहिनीचं ग्रहण

मी आमचं गाव केशोरी सोडून नागपूरला शिकायला निघाले तेव्हा वहिनीला सहावा महिना होता. एसटीच्या दारात तिने जवसाच्या चटणीचा डबा माझ्या पिशवीत कोंबला. आई एवढंच म्हणाली, "तिकडं जास्त बोलू नोको." मी अठरा वर्षांची होते आणि मला बोलायचंच होतं. वहिनीची चार वर्षांची छाया गाडी हलली तरी हात हलवत होती.

पुढच्याच आठवड्यात सूर्यग्रहण झालं. दिवाळीत वहिनीला मुलगा झाला, ओठ नाकापर्यंत फाटलेला. सुनेने ग्रहणात भाजी चिरली असणार, असं आईने ठरवून टाकलं आणि गावानेही ते धरलं. वहिनी गप्प राहिली. पुढे नागपुरात ओठ शिवून घेतला, पण व्रण दिसायचाच.

मी नागपूरहून पुढे बंगळुरूच्या एका लॅबमध्ये संशोधनाला गेले. गर्भात चेहरा घडवणारे जीन कोंबडी, उंदीर आणि माणूस यांच्यात कसे बदलत गेले, ते आम्ही कॉम्प्युटरवर पाहायचो. जीनमधली अक्षरं एकाखाली एक मांडायची आणि कोट्यवधी वर्षांत न बदललेला तुकडा शोधायचा. दिवसभर कोड, संध्याकाळी कॅन्टीनचं सांबार. ओठाच्या घडणीशी संबंधित असा तुकडा पहिल्यांदा स्क्रीनवर दिसला, तेव्हा मला वहिनी आठवली. वाटलं, हिला आता सोडवायचं.

छाया लग्नाची झाली. तिला पाहायला पाहुणे आले तेव्हा मी घरी होते. त्यांनी तिच्या भावाच्या ओठाबद्दल विचारलं, आईने नेहमीचं ग्रहण सांगितलं. माझं डोकं फिरलं. ग्रहणाने काही होत नाही, हे जीनमध्ये असतं, रक्तातून येतं, असं मी ठणकावलं. लॅपटॉप उघडून जीनच्या अक्षरांच्या रंगीत रांगासुद्धा दाखवल्या. पाहुण्यांनी पोहे संपवले आणि तिसऱ्या दिवशी नकार कळवला. घराण्यातच आहे म्हणते तुमची शिकलेली पोरगी, असा त्यांचा निरोप होता.

खरं तर घरातल्या कुणाचंही रक्त मी तपासलं नव्हतं. अशा ओठाला अनेक कारणं असतात, कधी एकही सापडत नाही, हे मला पाठ होतं. लॅबमध्ये असं बोलले असते तर कुणी उभं केलं नसतं.

त्या दिवशी वहिनी पहिल्यांदा बोलली. "गिरानात मी काईच कापलं नाई, बाई. दिवसभर खोलीत बसून होती."

मग इतकी वर्षं का ऐकून घेतलं, मी विचारलं.

"दोष माह्या एकटीचा रायला तं पोरीले कोण नाव ठेवन? तुमी तो पोरीच्या अंगावर टाकला."

त्यानंतर तीन वर्षं छायाचं लग्न जमेना. घराण्यातच खोट असल्याची बात गोंदियापर्यंत पोचली होती. त्यातच आई वारली. शेवटी राज्याच्या सीमेपलीकडून, डोंगरगडकडचे लोक आले आणि त्यांनीही तेच विचारलं. वहिनी माझ्याकडे पाहत होती.

मी म्हणाले, "ग्रहणात हिने भाजी चिरली होती."

लग्न ठरलं. पाहुणे गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन माफी मागितली. वहिनी कप विसळत होती. "आता शिकल्या तुमी, बाई," ती म्हणाली.

गाव सोडून शिकलेले आम्ही, घर म्हणजे काय, हे एकमेकांना फार विचारतो. माझं घर आता एवढंच उरलंय. तिथे कुणी विचारलं की मी वहिनीवर खोटा आळ घेते, आणि ती मला जेवायला वाढते.