तेरा शुक्रवार

भिवंडीतल्या टेमघरचं घर विकून जवळच्या दिघाशीला जायचं ठरलं, त्याचं कारण साधं होतं. मी गोदामात मालाची नोंद ठेवतो. गोदाम बदललं, पगार निम्मा झाला आणि घराचा हप्ता होता तेवढाच राहिला. दिघाशीत दोन खोल्या आणि मागे पडवी असं एक घर आमच्या घराच्या निम्म्या किमतीत मिळत होतं. त्याला एक लाख टोकन दिलं. उरलेले पैसे तीन महिन्यांत दिले नाहीत तर टोकन बुडणार, असं कागदावर लिहिलं होतं. खाली माझी सही होती.

तीन महिन्यांत तेरा शुक्रवार येतात. हे मी लगेच मोजून ठेवलं, कारण आमचं घर शुक्रवारीच दाखवता येत होतं.

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून बत्तीस लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना आहे. दिवसपाळी आणि रातपाळी. सुट्टी फक्त शुक्रवारी. इतर दिवशी स्वयंपाकघरात बोलायचं तर एकमेकांच्या तोंडाकडे पाहून बोलावं लागतं. फळीवरचे स्टीलचे पेले हादऱ्याने पुढे सरकतात. एका पाळीत दीड बोट. मी मोजलेलं आहे. ते खाली पडू नयेत म्हणून फळीच्या कडेला लाकडाची पट्टी ठोकली होती, आणि झोपण्याआधी बायको सगळे पेले पुन्हा भिंतीला लावून ठेवायची. सतरा वर्षांत यात आम्हाला काही विशेष वाटलं नव्हतं.

"कोणी विचारलं तर खरं सांगा," बायको म्हणाली. "नाही विचारलं तर स्वतःहून चालू होऊ नका."

विचारल्याशिवाय न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं मी स्वतःला दहा शुक्रवार सांगितलं. दहा शुक्रवारांत सात जण येऊन गेले. पाच जणांना घर आवडलं. पाचही जण नंतर मधल्या वारी गल्लीत चक्कर मारून गेले असावेत, कारण पुन्हा कोणी आलं नाही. एकाने फोन तेवढा केला. "काका, घर छान आहे, पण तुमची भिंत चालू असते," असं म्हणून ठेवून दिला.

अकराव्या शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी बायकोची नजर पट्टीवर गेली. "ही पाहून कोणालाही कळेल." मी पट्टी काढली, सात खिळे डबीत ठेवले आणि पेले गोणीत भरून कॉटखाली सारले.

शुक्रवारी एक वयस्क बाई मुलाला घेऊन आल्या. मुलगा लूम चालवणारा. बाई घरी कांड्या भरायच्या, म्हणजे लूमच्या धोट्यात बसणारं सूत गुंडाळून द्यायच्या. मुलाने हॉल पाहिला, नळ सोडून पाहिला. बाई सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि फळीच्या कडेवरून बोट फिरवलं. सात भोकं होती. पट्टीच्या जागेवरचा रंगही वेगळा होता.

"पट्टी कुठं हाय?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं.

"विचारलं," मी तिला म्हणालो. आणि बाईंना सगळं सांगितलं. लूम किती, पाळ्या किती, सुट्टी कधी.

"शुक्रवारचं घर दावतो त्याच्या शेजारी लूम असायचीच," बाई म्हणाल्या. "भिवंडीत कुणाला फसवता, भाऊ?"

"फसवत नाही, मावशी."

"मंग पट्टी काय देव्हाऱ्याला लावायला काढली?"

बाईंनी पुढचा प्रश्न विचारला. "पेला किती सरकतो?"

"पाळीला दीड बोट."

त्या मुलाकडे वळल्या. "ऐकलास? दीडच. आपल्याकडं तीन."

"आये, मंग घेऊन टाक. तुला रातची झोप तरी लागंल."

"गप ऱ्हा. भाव व्हायचा हाय अजून."

बाईंनी दोन लाख कमी करायला सांगितले. मी कपाटातून कागद आणला. त्यावर बँकेचं उरलेलं कर्ज, दिघाशीची रक्कम आणि टेम्पोचं भाडं लिहिलं होतं. "साठ हजारांच्या वर कमी केलं तर मला दिघाशीला जाता येत नाही," मी म्हणालो.

"आता कपाटाची किल्लीपण द्या त्यांना," बायको म्हणाली.

मुलाने बेरीज तपासली आणि आईकडे पाहून मान हलवली. "साठ," बाई म्हणाल्या. "आन् पट्टी ठोकून द्यायची." गावची जागा विकून आलेले पैसे त्यांच्या खात्यात पडून होते. त्यांनी पासबुकही आणलं होतं. तेही शुक्रवार बघूनच आले होते, कारण मुलाला त्याच दिवशी सुट्टी असते. दिघाशीचं टोकन वाचलं. दोन शुक्रवार शिल्लक राहिले.

शनिवारी लूम चालू झाल्यावर मी पट्टी ठोकायला घेतली. तेच खिळे, तीच भोकं. हातोडीचा आवाज मला ऐकू येत नव्हता, त्यामुळे खिळा बसला की नाही ते बोटाने पाहावं लागत होतं. बायकोने कॉटखालून गोणी ओढली, पेले पुसले आणि एकेक करून भिंतीला लावले. मग समोर येऊन माझ्या तोंडाकडे पाहत म्हणाली,

"दिघाशीच्या फळीलाही एक पट्टी करून घ्या."

"तिथे लूम नाही."

"माहीत आहे मला."

मी माप शोधायला गेलो नाही. चार फूट दोन इंच. ते मी दिघाशीचं घर पाहायला गेलो त्या पहिल्याच दिवशी घेऊन ठेवलं होतं.