मारुतीकडे तोंड करून उडालेलं विमान

दर हनुमान जयंतीला आमच्या पातूरकडच्या गावात मारुतीच्या कृपेचा अनुभव मी सांगतो. फवारणीचं विमान देवळासमोरच्या माणसांवर येता येता वळलं आणि सगळे वाचले, एवढाच तो अनुभव. ऐकून लोक डोळे पुसतात. यंदा उभा राहिलो आणि तेवढंच सांगून थांबलो नाही. कारण त्यातलं अर्धं मी कधी सांगितलंच नव्हतं.

तेव्हा मी तरुण होतो, शेती खात्यात नोकरीला. कपाशीवर औषध मारायला छोटं विमान आलं होतं. मुरूम दाबून केलेल्या धावपट्टीच्या एका टोकाला मारुतीचं देऊळ. पूजा झाली. पायलट तिशीतला, हसतमुख. बसताना त्याने मला डावीकडचा दांडा दाखवला. "ओझं झेपलं नाही तर हा ओढायचा, भाऊ. सगळं औषध एका दमात खाली अन् विमान वर." वारा देवळाकडे वाहत होता, म्हणून त्याला देवळाकडे पाठ करून, वाऱ्याला तोंड देऊन उडायचं होतं. मीच अडवलं. देवाला पाठ दाखवून पहिलं उड्डाण गावाला चालणार नाही, म्हणालो.

"मारुती वाऱ्याचाच पोरगा ना? मग सांगा त्याला, बापाला जरा फिरव म्हणून!" तो हसला. मी हट्ट सोडला नाही. शेवटी "बरं, तुमच्या देवासाठी" म्हणत त्याने विमान फिरवलं.

टाकी भरलेली, वारा पाठीशी. विमान पट्टी संपेपर्यंत धावलं आणि जेमतेम उचललं. पुढे देवळापाशी बायामाणसं आरतीची ताटं घेऊन उभी. दांडा ओढला असता तर तो वाचला असता आणि ते विष या सगळ्यांच्या अंगावर पडलं असतं. त्याने ओढला नाही. विमान बाजूला वळवलं; ते एका पंखावर कलंडलं आणि शेजारच्या कपाशीत कोसळलं. आम्ही पोचलो तेव्हा तो गेला होता. टाकी फुटून औषध त्याच्यावरच सांडलं होतं.

पूजेत त्याने बूट काढले नाहीत म्हणून देव कोपला, असं गाव बोललं. त्याची बायको आली, तर तिच्यासमोरही बोललं. मी गप्प राहिलो.

यंदा मंडपात हे सगळं सांगितलं. त्या दिवशी ताट धरून उभ्या असलेल्या वच्छलाबाई आता पार वाकल्या आहेत. बसल्या जागेवरूनच त्या म्हणाल्या, "मले दिसला होता तो. बाजूले व्हा म्हणून हात हालवून राहिला होता. आमाले वाटलं, रामराम करते. आमी येड्यांनी वापस हात हालवले." मग माझ्याकडे वळून, "पण तुमी काहून गप बसले, भाऊ, इतके वर्सं?"



कृपा झाली, हे मी आजही मानतो. ती त्या माणसाच्या हातून झाली. देवाला काय आवडतं हे मात्र मी परस्पर ठरवलं होतं आणि त्यालाच भक्ती समजत आलो. वच्छलाबाई समोर बसून मला जाब विचारू शकल्या, हेही त्या पायलटचंच देणं. त्याच्या बायकोला मी हे सांगायला हवं होतं. ती कुठे असेल, असेल की नाही, ठाऊक नाही. तिची काळजी मारुतीवर सोपवली आहे, पण माफी त्याच्याकडे मागितलेली नाही; ती तिचीच मागायची होती.