साडेसातची नोंद

हे मी आजवर कुणापुढे बोललेले नाही. नवऱ्यापुढे नाही, सख्ख्या आईपुढेही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आबांना पाहिलेलं नाही. ज्यांनी पाहिलंय त्यांच्यासमोर माझी जीभ उचलत नाही.

आबा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यावर गावचं घर बंद करून आमच्याकडे डोंबिवलीला आले. उभा जन्म ते दिवेलागणीला जेवले. देवापुढे दिवा लागला की पान, आणि नऊला गाढ झोप. माझं काम परदेशातल्या कंपनीचं — घरूनच, पण वेळ त्यांची. दुपारी चार ते रात्री अकरा. नवरा पुण्याला नोकरीला, शनिवार-रविवार घरी. म्हणजे आठवड्याचे पाच दिवस आम्ही दोघंच.

मग आबांना आतड्याची सूज निघाली. शौचातून रक्त जायचं. ठाण्याच्या डॉक्टरांनी नीट समजावलं होतं — आतड्याला स्वतःचं घड्याळ असतं, रात्री ते आतल्या आत डागडुजी करतं, रोगाशी लढणाऱ्या पेशीही त्याच वेळा पाळतात. अवेळी अन्न गेलं की सगळंच बिघडतं. साडेसातला जेवण, त्यानंतर काही नाही. रोजची वेळ वहीत लिहून आणा, म्हणाले.

मला कळलं नव्हतं का? चांगलं कळलं होतं.

आठवडाभर केलं. एकदा मीटिंग चालू असताना उठून मी त्यांना वाढलं, आणि त्यांनी आणखी थोडं ताक मागितलं. बस्, एवढंच. मी फणकारले, "आबा, दोनदोनदा पानं घ्यायची का मी?" ते म्हणाले, "नको गं. तुझ्याबरोबरच बसेन." तेव्हापासून ते माझ्याबरोबर जेवू लागले. रात्री सव्वाअकराला.

दहा मिनिटं मिळत नव्हती असं नाही. चहा घ्यायला मी उठतच होते. मला राग होता — कशाचा, ते आजही नेमकं सांगता येत नाही. साडेसातला ते स्वयंपाकघरात डोकावायचे, पेलाभर पाणी प्यायचे आणि पाय न वाजवता परत जायचे. मी हेडफोन लावून पाठमोरी बसायचे. तरी स्क्रीनच्या काचेत मला ते दिसायचे. शनिवार-रविवारी मात्र ताट साडेसातच्या ठोक्याला. नवरा सगळ्यांना कौतुकानं सांगायचा, आबांचं जेवण ही घड्याळ लावून बघते.

आणि वही? ती मी रविवारीच भरून टाकायचे. सरलेला अख्खा आठवडा, एका बैठकीत. साडेसात, साडेसात, साडेसात.

त्या बुधवारी कामावर उशिरा बसेन असं कळवून आम्ही संध्याकाळी पाचला डॉक्टरांसमोर बसलो होतो. रक्त पुन्हा सुरू झालं होतं. डॉक्टर वही चाळत शेवटच्या पानावर आले, आणि तेव्हा मला दिसलं. निघण्याआधी राहिलेले दिवस घाईत भरताना मी त्या दिवसाचीही ओळ लिहून टाकली होती — साडेसात, मऊ भात, पडवळ, ताक. जे जेवण अजून व्हायचं होतं, ते! तेवढ्यात आबा पुढे वाकले आणि त्यांनी पंजा नेमका त्या ओळीवर ठेवला. म्हणाले, "सून फार करते हो माझं. वेळ चुकवत नाही."

त्यांना सगळं ठाऊक होतं. किती दिवसांपासून, देव जाणे.

एवढी वेळ पाळूनही सूज वाढतेय, म्हणजे औषध जोराचं द्यावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. प्रतिकारशक्ती खाली येईल, जपा. तेव्हा तोंड उघडायचं होतं — तेव्हाच. मी मान डोलावली आणि चिठ्ठी घेतली.

महिन्याभरात आबांच्या छातीत संसर्ग झाला. हॉस्पिटलात साडेसातला ताट यायचं. पहिल्या दिवशी त्यांनी ते पुसून घेतल्यासारखं रिकामं केलं. मी शेजारी उभी होते. पाचव्या दिवशी ते गेले. वेळच्या वेळी जेवले असते तर वाचले असते, असं कोणताही डॉक्टर छातीठोकपणे सांगणार नाही. पण ते औषध डॉक्टरांनी माझ्या वहीवर विसंबून दिलं होतं.

तरी खरं ते हे नाहीच. खरं अजून राहिलंय.

त्या बुधवारी परतताना शीळफाट्याला गाडी अडकली. आबा काच खाली करून रस्त्यावरचे दिवे बघत होते. घरी पोचलो तेव्हा सात वीस झाले होते. दुपारीच लावलेला भात कुकरमध्ये होता, पडवळाची भाजी झाकून ठेवली होती, ताक फ्रिजमध्ये. वहीतली ती एक ओळ तरी खरी करता आली असती. आबांनी चपला काढल्या, हातपाय धुतले आणि जाऊन टेबलाशी बसले. बहुधा त्यांनाही वाटलं असेल, आज तरी.

मी लॉगिन केलं. त्यांना वाढलं सव्वाअकराला.