आप्पांचं खाकरणं

आमच्या आप्पांनी मागं ठेवलं काय, तर नातेपुत्यातलं घर, दादाला कापडाचं दुकान आणि मला त्यांचं खाकरणं. घर-दुकानावरून भाऊबंदांत कुरकुर झाली. खाकरण्यावर मात्र कुणी हक्क सांगितला नाही.

ते खाकरणं साधंसुधं नव्हतं. आधी एक कोरडा ठसका. मग छातीच्या तळातून खरवडून काढलेलं लांबलचक 'अंऽऽह'. आणि शेवटी एक छोटंसं 'हं!', म्हणजे आलोय मी. ओसरीवर हे ऐकू आलं की स्वयंपाकघरातलं हसणं बंद, आईचा पदर डोक्यावर आणि दादाची विडी परसात. आप्पांनी कधी कुणावर हात उगारलेला मला आठवत नाही. गरजच पडायची नाही! मी लहानपणी त्यांची हुबेहूब नक्कल करायचे आणि आई म्हणायची, "कार्टे, मुलीच्या जातीला शोभतं का हे?"

लग्न झालं आणि वर्षाच्या आत कपाळ पांढरं होऊन मी माहेरी परत आले. लोक काय वाटेल ते बोलले, पण आप्पा एकदा खाकरले आणि मला शाळेत घातलं. मी फायनल पास झाले. पुढे आप्पा गेले, आणि त्याच साली मला सोलापुरात मुलींच्या शाळेत मास्तरणीची नोकरी लागली.

दादानं आकांडतांडव केलं. "बाईमाणसानं परगावी एकटं राहायचं? लोक काय म्हणतील?"

"काहीतरी म्हणतीलच. त्यांना दुसरा उद्योग काय आहे?"

शेवटी तो कबूल झाला, पण अट घालून. "एक वावगा शब्द कानावर आला, की त्याच दिवशी मोटारीत घालून परत आणीन. मग बस वहिनीच्या हाताखाली पोळ्या लाटत!"

वहिनी वाईट नव्हती हो. पण मला जन्मभर पोळ्या लाटायच्या नव्हत्या. आपल्या खोलीची किल्ली आपल्या कमरेला लावून रस्त्यानं चालताना काय वाटतं, ते जिनं कधी लावली नाही तिला सांगून कळायचं नाही. ती किल्ली मला कुणाला परत द्यायची नव्हती. बस्स.

खोली मिळाली ती विणकरांच्या पेठेत. शेजारी एक तेलुगू कुटुंब, दिवसभर मागाची खटखट. घरच्या बाईला सगळी पेठ अक्का म्हणायची. ती घरात तेलुगू बोलायची आणि माझ्याशी मराठी, पण ते मराठी तिनं स्वतःच विणलेलं होतं.

एकटी राहते म्हटल्यावर शाळेतल्या बायांनी सल्ल्यांचा पाऊस पाडला. एकीनं सांगितलं, उशाशी तिखटाची पुडी ठेवा. ठेवली. सकाळी उशी झटकली आणि शिंकून शिंकून नाकाचा भोपळा झाला. दुसरी म्हणाली, कडीवर तांब्या उपडा घाला, दार हललं की खणखणेल. घातला. दार हलवलं मांजरानं आणि तांब्या पडला माझ्याच पायावर. एवढा त्रास तर चोरानंही दिला नसता.

आणि एके दिवशी दिवेलागणीला दारावर थाप पडली.

"कोण?" उत्तर नाही. पुन्हा थाप. शेजारी माग चाललेला, म्हणजे मी बोंब ठोकली असती तरी कुणाला ऐकू गेली नसती. माझी पाचावर धारण बसली. दरडावून 'कोण आहे?' विचारावं म्हणून तोंड उघडलं, घशाला कोरड पडलेली, आणि बाहेर पडले ते आप्पा! कोरडा ठसका, 'अंऽऽह', 'हं!' सगळं साग्रसंगीत. बाहेरची पावलं लगबगीनं लांब गेली. चोर होता की पत्ता चुकलेला पाहुणा, देव जाणे. माझा जीव मात्र भांड्यात पडला.

तेव्हापासून मी नेमच धरला. दारावर थाप आली की खाकरायचं, दिवे लागले की खाकरायचं, निजण्याआधी एकदा खाकरायचं.

चार दिवसांनी अक्कानं मला नळावर गाठलं. "बाई, तुमच्यात तातय्या आलंय की!" तातय्या म्हणजे त्यांच्यात आजोबा. मी नुसती हसले. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. बाकीचा म्हातारा पेठेनंच तयार केला. कुणी म्हणे, गिरणीत रातपाळीचा पहारेकरी आहे, दिवसा झोपतो. गवळी तर छातीठोकपणे सांगायला लागला, "काल बगितलं की म्या! ह्या अशा मिशा! लई कडक माणूस हाय." मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. पण दुसऱ्या दिवसापासून दुधातलं पाणी कमी झालं, ते मी बिनतक्रार पदरात पाडून घेतलं.

मग अक्काच्या मनात कणव दाटून आली. "तातय्याचं दग्गु लई वाईट हाय," म्हणून ती रोज वाटीभर अडुळशाचा काढा आणायला लागली. दग्गु म्हणजे खोकला. आता तो काढा ओतावा तर माझी मोरी वाहत जायची नेमकी तिच्याच दारावरून! तेव्हा आजार आप्पांचा आणि औषध माझ्या घशात. कडू म्हणजे किती कडू? कारल्यानं हात जोडावेत.

अशातच नातेपुत्याचा एक व्यापारी लुगडी घ्यायला अक्काच्या घरी आला. माग थांबलेला असताना त्यानं भिंतीपलीकडून खाकरणं ऐकलं, खोली कुणाची ते विचारलं आणि बातमी गावाला नेली: मास्तरणीच्या खोलीत पुरुष आहे. नातेपुत्यात पोचेपर्यंत तातय्याच्या मिशा काळ्या झाल्या होत्या!

मला याची काही गंधवार्ता नव्हती. रविवारची दुपार, बाहेर रणरणतं ऊन. मी निवांत वह्या तपासत बसले होते. दारावर थाप पडली. "कोण?" उत्तर नाही. मी सवयीनं घसा साफ केला आणि खाकरले. त्या दिवशी साधलंही झकास.

 बाहेरून एक बारीक, चाचरता आवाज आला, "मी आहे, आप्पा."

मी धावत जाऊन दार उघडलं. दारात दादा! चाळिशीचा, तीन पोरांचा बाप, मला रंगेहाथ पकडायला आलेला. टोपी नीट केलेली, मान खाली, उजवा हात कोटाच्या खिशात. आणि खिशातून धूर निघतोय.

"अरे दादा, कोट पेटला!" मी तांब्याभर पाणी त्याच्या अंगावर ओतलं. पेटती विडी त्यानं तशीच खिशात कोंबली होती.

पाण्यानं तो भानावर आला. दाराआड बघितलं, फडताळामागं बघितलं, खाटेखाली वाकून बघितलं. "कुठाय तो?"

"कोण?"

"खाकरला तो!"

"मी खाकरले."

"थट्टा पुरे!"

मग मी त्याच्यासमोर उभी राहून खाकरले. दादा मटकन ट्रंकेवर बसला. कोटातून पाणी गळतंय, डोळे माझ्या तोंडावर खिळलेले.

"परत कर," तो म्हणाला.

मी परत केलं. शेवटच्या 'हं'ला त्याचा बांध फुटला आणि माझाही. आप्पा गेले तेव्हा तो विधींत गुंतलेला, मी आल्यागेल्याच्या भातात. दोघांनी मिळून रडायचं राहूनच गेलं होतं. ते त्या दुपारी रडून घेतलं.

तेवढ्यात अक्का काढ्याची वाटी घेऊन दारात हजर. तिनं दादाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमी कोण?"

"हिचा भाऊ. नातेपुत्याहून आलोय."

"तातय्या कुटं हाय?"

 माझी नोकरी, खोली, कमरेची किल्ली, सगळं आता दादाच्या जिभेवर. खरं बोलला असता तर उद्या गावभर हसू आणि परवा मी वहिनीच्या पोळपाटाशी.

दादानं डोळे पुसले. "झोपलेत," तो म्हणाला. "आणा, मी पाजतो त्यांना."

वाटी रिकामी घेऊन जायची म्हणून अक्का हलेना. ज्या माझ्या भावानं परक्या घरचं पाणी कधी ओठाला लावलं नव्हतं, त्यानं तिच्याकडे पाठ फिरवली आणि तो काढा एका दमात घशाखाली उतरवला. वळला तेव्हा तोंड असं झालं होतं, की मी पदर तोंडात कोंबला.

"सगळं प्यायले," त्यानं अक्काला सांगितलं.

संध्याकाळच्या मोटारीनं तो एकटाच परत निघाला. पायात वहाणा सरकवत म्हणाला, "गावात कुणी विचारलं तर सांगेन, घरात वडीलमाणूस आहे. तू राहा."

पुढे तो कितीदा तरी आला. दार सताड उघडं असलं तरी आत पाऊल टाकायचा नाही. बाहेरच विडी विझवायचा, कडी वाजवायचा आणि उभा राहायचा.

"अरे, ये की आत! माझी भाकरी करपतेय!" मी चुलीपाशी बसून ओरडायचे.

"आधी खाकर," तो म्हणायचा.