तासाला दहा फर्मे

काका पुस्तकं बांधतात. बेचाळीस वर्षं झाली. त्यांनी एकही वाचलेलं नाही.

"वाचत बसलो तर शिवणार कोण?" ते म्हणतात. "मी फक्त पानांचे आकडे वाचतो. आकडा चुकला की पुस्तक गेलं."

माझा प्रबंध त्यांच्याकडे बांधायला टाकला होता. साहित्यात एमए केलंय एवढं त्यांना पुरलं. तेव्हापासून माझं नावच एमए. प्रबंध हातात आला तरी मी जात राहिले. त्यांच्या टेबलावर जुन्या पुस्तकांचे सुटे फर्मे पडलेले असत. छापलेल्या मोठ्या कागदाची सोळा पानांची घडी म्हणजे एक फर्मा. असे पंचवीस-तीस फर्मे एकावर एक शिवले की पुस्तक होतं. शिवण्याआधी मी ते वाचायचे.

"एमए, पुस्तक उघडं असताना बघू नये," काका म्हणायचे. "त्याला लाज वाटते."

तळमजल्यावरची खोली, मागे त्यांचं घर. खिडकीखाली लांब टेबल. एका टोकाला काकू घड्या घालायच्या, दुसऱ्या टोकाला काका शिवायचे. मधे चिकटवायच्या खळीचं भांडं. दोघं तरुणपणी एकाच छापखान्यात होती. काका सांगायचे, "लग्नाआधी ही घडी घालायची, मी शिवायचो. लग्नानंतरही तेच. मधे एक फोटो काढला."

काकांचा हात तासाला दहा फर्म्यांचा. अकरावा नाही, नववा नाही. दहा झाले की लाकडी ठोकळ्याने गठ्ठा ठोकून बसवायचा. त्या आवाजाला शेजारचा किल्लीवाला वैतागलेला असे. दोघांचं दुकान एका भिंतीने वेगळं, आणि भांडण त्याच भिंतीतून चाले.

त्या दिवशी काकू सकाळीच बहिणीकडे गेल्या होत्या. मी सव्वा वाजता पोचले.

काका स्टुलावर बसले होते. उजवा हात खाली लोंबत होता. तोंड एका बाजूला ओढलेलं. डाव्या हातात अर्धं शिवलेलं पुस्तक घट्ट धरलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी म्हटलं. त्यात एकही शब्द नव्हता.

मी रुग्णवाहिका बोलावली. पत्ता सांगताना मी माझ्याच घराचा सांगितला. मग चूक सुधारून परत सांगितला. पुस्तक त्यांच्या हातातून सुटेना, म्हणून ते तसंच बरोबर आलं. दवाखान्यात कुणीतरी सोडवून माझ्या मांडीवर ठेवलं.

स्कॅन झाल्यावर मेंदूचे डॉक्टर बाहेर आले. वयाने तरुण, पायात मळके बूट.

"मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आहे," ते म्हणाले. "ती विरघळवायचं इंजेक्शन आहे. पण त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. उशिरा दिलं तर मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती वाढते. यांना शेवटचं ठीक कधी पाहिलं?"

मला माहीत नव्हतं. मी किल्लीवाल्याला फोन लावला. "काकांना शेवटचं कधी पाहिलंत?"

"नऊ वाजता. शटर उघडताना. का गं?"

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजायला दहा कमी होते. डॉक्टरांनी बोटांवर मोजलं. मी पण मोजलं. दोघांचं उत्तर एकच आलं: साडेचार तास उलटून गेले होते. उजवा हात, मी म्हटलं, त्यांचा शिवणारा हात तोच आहे. डॉक्टर म्हणाले, कळतंय.

तेवढ्यात काकू आल्या; रुग्णवाहिकेतून मी त्यांना फोन केला होता. त्यांनी रडण्याआधी माझ्या मांडीवरचं पुस्तक उचललं. ती त्यांची सवय. अंगठ्याने कण्यावरचे फर्मे मोजत गेल्या आणि थांबल्या.

"बावीस सरळ. तेविसावा वाकडा. चोविसावा उलटा." त्यांनी मान वर केली. "यांनी उलटा फर्मा शिवला?"

काकांचा दुसरीकडे संसार आहे असं कळलं असतं, तरी काकूंचा चेहरा इतका बदलला नसता.

मग काकू डॉक्टरांकडे वळल्या. "हे पुस्तक काल सुटं होतं. रोजच्यासारखे नऊला बसले असतील. बावीस फर्मे म्हणजे सव्वा दोन तास. सव्वाअकरापर्यंत हा माणूस धडधाकट होता."

"मावशी, पुस्तक बघून मी औषध देऊ शकत नाही."

"मग ठोकळा ऐकून द्या."

त्यांनी माझ्या हातातला फोन घेऊन किल्लीवाल्याला लावला. "अरे, आज ठोकळा किती वेळा वाजला?"

"दोनदा," किल्लीवाल्याचा आवाज मलाही ऐकू येत होता. "दुसऱ्यांदा वाजला तेव्हा माझ्या अकराच्या बातम्या चालू होत्या. मी ओरडलो, जरा हळू. तर म्हणतात, बातम्या ऐकून आजवर कुणाचं भलं झालंय?"

डॉक्टरांनी फोन मागितला. "शब्द स्पष्ट होते? जीभ जड वगैरे?"

"स्पष्ट म्हणजे काय, साहेब. टोमणा होता. बरोबर लागला."

"मग मगाशी नऊ का सांगितलंत?"

"त्या पोरीने विचारलं, पाहिलं कधी. पाहिलं नऊलाच. अकराला मधे भिंत होती."

डॉक्टर पुन्हा स्कॅन बघायला गेले. काकूंनी सही केली. सव्वादोनला इंजेक्शन सुरू झालं. मी पुस्तक परत घेतलं आणि कुठे ठेवावं ते मला कळेना.

संध्याकाळी काकांचं तोंड थोडं सरळ झालं. नर्सने म्हटलं, "आजोबा, काहीतरी बोला. आकडे मोजा."

काका जडपणे म्हणाले, "एक. सतरा. तेहतीस. एकोणपन्नास."

नर्सने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी कागदावर लिहायला पेन काढलं.

"लिहू नका," काकू म्हणाल्या. "बरोबर बोलतायत. प्रत्येक फर्म्याचं पहिलं पान आहे. पुढचा पासष्ट."

"पासष्ट," काका म्हणाले.

हळूहळू जीभ आली. पाय आला, काठीपुरता. हात मात्र पांघरुणावर पडून राहिला. काका त्याच्याकडे पाहुण्याकडे बघावं तसे बघायचे.

दुसऱ्या दिवशीच्या स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. तिसऱ्या दिवशी एक डॉक्टर बाई आल्या. बरोबर सुयांची पाकिटं आणि एक डबी, तिला बारीक वायरी. हाताला आणि पायाला सुया टोचायच्या, त्यांना वायरी जोडायच्या आणि अगदी हलका विजेचा प्रवाह सोडायचा. याला विद्युत अॅक्युपंक्चर म्हणतात.

माझ्या चेहऱ्यावर माझं मत लिहिलेलं असावं.

"गुठळीचं काम इंजेक्शनने केलं," बाई मला म्हणाल्या. "हे त्याच्या जोडीला. त्याच्याऐवजी नाही. व्यायामही सोडायचा नाही."

"याने हात येईल?" काकूंनी विचारलं.

"वचन देणार नाही. काहींना मदत झालेली दिसते. किती आणि कुणाला, हे अजून नीट माहीत नाही. नको असेल तर नको म्हणा."

काकूंनी काकांकडे पाहिलं. काकांचं लक्ष सुईकडे होतं.

"बघू," ते म्हणाले. डाव्या हाताने त्यांनी बंद पाकीट उजेडात धरलं. "किती बारीक आहे. हिला नेढं कुठंय?"

"नेढं नसतं."

"मग दोरा कुठे घालणार? बाई, तुमचं हत्यार अर्धवट आहे."

बाई हसल्या आणि कोपराखाली सुई घातली. मग मनगटाच्या वर, अंगठ्याच्या बेचक्यात. काका बारकाईने बघत होते. हात हलका आहे, असं त्यांनी मला सांगितलं. शिवायला बसवली असती.

डबी सुरू झाली. अंगठ्याशेजारचं बोट उडालं. थांबलं. परत उडालं.

"अगं," काका काकूंना म्हणाले, "माझं बोट मला न विचारता काम करतंय."

"तुमच्यापेक्षा शहाणं निघालं."

मी खिडकीकडे तोंड केलं.

घरी आल्यावर सहा आठवडे आम्ही बाईंकडे जात होतो. आठवड्यातून तीनदा. इतर दिवशी व्यायाम. ओला कपडा पिळायचा, वाटीतले मणी उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचे. मणी सांडले की काकू म्हणायच्या, "अहो, वाटी टेबलावर आहे. जमिनीवर नाही." आधी मूठ आली. मग अंगठा आला. हे कशाने झालं ते कुणी सांगू शकलं नाही. मी बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, इंजेक्शन वेळेत मिळालं हे सगळ्यात मोठं. सुयांचा वाटा किती, ते मला तुमच्या एका काकांवरून सांगता येणार नाही. किल्लीवाल्याच्या मते काकूंच्या बोलण्याला घाबरून हात उठला.

मग एका सकाळी काका स्टुलावर बसले आणि सुई मागितली.

मी तिथेच होते. त्यांनी सुई बोटांत धरली. ती फिरली आणि पडली. परत धरली. पहिल्या भोकात गेली. दुसऱ्या भोकाला घड्याळात पंधरा मिनिटं गेली. दोऱ्याची गाठ बसली, ती त्यांना सोडवता येईना. एक फर्मा शिवायला त्यांना पाऊण तास लागला. शिवण सैल होती. त्यांनी ती स्वतःच कापली.

दोन दिवस ते खोलीत आले नाहीत. मी गेले की म्हणायचे, झोप येते. बाईंनी सांगितलं होतं, वर्षभर थोडी थोडी सुधारणा होत राहील. पण शिवणीची सुई धरण्याइतकी होईल का, यावर त्या गप्प राहिल्या होत्या. काका ते गप्प राहणं ऐकून आले होते.

तिसऱ्या दिवशी काकूंनी त्यांना विचारलं नाही. त्यांनी स्टूल ओढलं, चष्मा पुसला आणि स्वतः शिवायला बसल्या. आतल्या खोलीतून काकांना दोरा ओढल्याचा आवाज ऐकू आला. ते काठी टेकत दारात आले.

"कुणी शिकवलं तुला?"

"चाळीस वर्षं समोर बसलेय. डोळे मिटून बसले नव्हते."

"दोरा फार ओढतेस. कागद फाटेल."

"फाटला तर माझा मी बघेन. तिकडे घड्या कोण घालणार?"

काका आत आले. मग टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि काकूंच्या खुर्चीवर बसले. तिथून खोली वेगळी दिसते, असं मला म्हणाले. कागद पुढे ओढला. डाव्या हाताने दुमडला. उजव्या हाताची मूठ घडीवर ठेवली आणि अंगाचा भार देऊन दाबत नेली. मुठीला ते जमत होतं. त्यांनी दुसरा कागद घेतला.

आता दोघांची कामं अशीच आहेत. काकूंचा वेग तासाला सहाचा. काका रोज त्यांना आठवण करून देतात की तो कमी आहे. परवा काकूंनी एक फर्मा उजेडात धरला आणि टेबलावरून त्यांच्याकडे सरकवला.

"कोपरा जुळत नाही. परत घाला."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "एमए, तूच सांग. जुळतोय की नाही?"

मी पाहिलं. केसभर फरक होता.

"नाही जुळत, काका."

"दोघी एक झाल्यात," ते म्हणाले. कागद उलगडला, कोपऱ्याला कोपरा लावला आणि उजव्या मुठीने घडी पुन्हा दाबत नेली.